बायकांच्या वाटणीचे केळे



कापूस-ज्वारीवाल्यांच्या पत्रकात केळीचे काय काम, असे तुम्ही म्हणाल. कोरडवाहू शिवारात केळीची गाठ पडते ती सत्यनारायणाच्या चौरंगाला चार खुंट बांधायचे असतात तेव्हा. त्यातून हे केळे जळगावचेही नाही, पार हवाई बेटांवरचे आहे. पण ह्या केळ्याच्या निमित्ताने शेतकऱ्यावर एक आरोप ठेवला गेला. तोच आरोप आपण रोज ऐकतो, म्हणून हा खटाटोप.

मध्यंतरी जिल्ह्याच्या गावी एका चर्चासत्राला बसण्याचा योग आला. विषय होता जुन्या वाणांचे जतन. एका विद्वानांनी पडद्यावर केळीचे चित्र दाखवले. नाव सांगितले 'इहोलेना'. म्हणाले, हवाईच्या मूळ रहिवाशांनी शेकडो वर्षे सांभाळलेली ही केळी आता शोधत फिरावे लागते. जास्त उत्पन्नाच्या हव्यासापायी शेतकऱ्याने घरची लक्ष्मी बाहेर घालवली. लगेच पुढचे चित्र आपल्या गावरान ज्वारीचे आणि देशी कपाशीचे. टाळ्या झाल्या, चहा झाला. मी गप्प बसलो, कारण त्या केळीची मला काडीची माहिती नव्हती. घरी आल्यावर मिळेल ते वाचून काढले. आता उत्तर देतो.

हवाई म्हणजे प्रशांत महासागराच्या ऐन मध्यावरची बेटे. सर्वांत जवळचा खंड अमेरिका, तोही साडेतीन हजार किलोमीटरच्या पलीकडे. १९५९ पासून ते अमेरिकेचे पन्नासावे राज्य आहे. त्याच्या फार आधी, सुमारे हजार वर्षांपूर्वी, पॉलिनेशियन लोक जोडहोड्यांतून तिथे उतरले. बरोबर अळूचे कंद, नारळ, ऊस, डुकरे, कोंबड्या आणि केळीचे मुनवे. सरकीचे गाठोडे आढ्याला टांगले तर पुढच्या मृगाला पेरता येते. खायच्या केळीला बी नाही. मुनवा जिवंत न्यावा लागतो आणि उतरल्याबरोबर लावावा लागतो. म्हणजे त्या बेटांवरचे जुन्या वाणाचे प्रत्येक झाड कोणा ना कोणाच्या हातून दुसऱ्याच्या हातात गेलेले आहे. मध्ये एक पिढी जरी विसरली असती तरी साखळी तुटली असती. ती तुटली नाही. जे लोक हे करत होते त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि त्यांच्या गावात जतन समिती नव्हती.

केळीला हवाईच्या भाषेत 'माइआ' म्हणतात. इहोलेना ह्या नावात 'इहो' म्हणजे गाभा आणि 'लेना' म्हणजे पिवळा. आलेले मूळ वाण थोडेच होते. पण कंदातून कंद वाढताना कधीतरी एखादे झाड वेगळे निघते. ज्याच्या लक्षात आले त्याने त्याचा मुनवा बाजूला लावला आणि त्याला नाव दिले. अशी डझनांनी नावे त्या बेटांवर झाली. इहोलेना मात्र होडीतूनच आली असणार, कारण तिच्या गोतातली केळी पापुआ न्यू गिनीपर्यंत सापडतात. शुद्ध देशी वाण म्हणून जिचे कौतुक चालले होते, तीही एकेकाळी परदेशी पाहुणीच. शेतकऱ्याला त्याचे काही वाटत नाही. उपयोगी पडली, ठेवून घेतली.

ही केळी ओळखायची कशी? कोवळ्या पानाची खालची बाजू तांबूस असते. फळे दांड्यापासून आडवी, बाहेर काढल्यासारखी वाढतात. साल फळ पुरते तयार होण्याच्या कितीतरी आधी पिवळी पडते, आणि गर पांढरा नसतो, पिकल्या पपईकडे झुकणारा गुलाबी-पिवळा असतो. पिकली की तशीच खातात, कच्ची असली की भाजून नाहीतर शिजवून. शास्त्रज्ञ तिला दोन रानकेळींच्या संकरातली म्हणतात, दोन वाटे एकीचे आणि एक वाटा दुसरीचा. आपल्या वसईकडची राजेळी, जिची सुकेळी करतात, तीही ह्याच मेळाची. गोत वेगळे, पण हिशेब तोच.

आता उपयोग. विद्वानांच्या चित्राखाली एक आकडा होता, घडाचे वजन. तेवढाच. इहोलेनाचा घड बाजारातल्या केळीपुढे लहान, हे खरेच आहे. पण हवाईच्या कुटुंबाला केळी घडासाठी एवढीच लागत नव्हती. तिथे स्वयंपाक 'इमू'त होई. जमिनीत खड्डा करायचा, लाकडे पेटवून त्यात दगड लाल करायचे, आणि त्या दगडांवर केळीचे खोड ठेचून अंथरायचे. खोडात पाणीच पाणी. तापल्या दगडावर त्याची वाफ होते आणि वर ठेवलेले अळूचे कंद, रताळी, मांस, कच्ची केळी त्या वाफेवर शिजतात. वरून केळीची पाने, मग चटया, मग माती. तासांनी उघडायचे. केळीच्या खोडाशिवाय इमूत वाफ कुठली, सगळे करपून जाणार. पिकलेले केळे पाण्यात कालवून त्याची 'पोई' करत. किसलेले केळे नारळाच्या दुधात मिसळून पानात बांधून भाजत, त्याला 'पिएले' म्हणत. सोपटाचा धागा काढून हार ओवत, बांधाबांध करत. पान म्हणजे ताट, झाकण, वेष्टण. चिकाचा डाग जात नाही हे आपल्या धोतरांना ठाऊक आहे. तिथे तोच डाग रंग म्हणून वापरत. अळूच्या पाणथळ वाफ्यांचे जे बांध, त्यांवर केळी लावत. बांध धरून ठेवला जाई आणि वेगळी जागा अडत नसे.

हे सगळे मोजायला एका आकड्याचा रकाना पुरेल का? आपल्याला हा अनुभव नवा नाही. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली तेव्हा कागदावर क्विंटल दिसले. आखूड ताटाचा कडबा किती आणि बैल काय खाणार, हा रकाना त्या कागदावर नव्हता. तरीही आपण ती ज्वारी पेरली, कारण पोरांच्या पोटाला आधी दाणे लागतात. तो हव्यास नव्हता. हिशेब होता, आणि तो पेरणाऱ्यानेच करायचा असतो.

मरणाच्या भीतीने राखलेली पंगत

आता मायबहिणींसाठी. विद्वानांनी परंपरेचे गुणगान केले, पण परंपरेतली एक गोष्ट सांगितली नाही. ती त्यांना माहीत नव्हती असे समजून मी त्यांना माफ करतो.

हवाईत जेवणाचे कडक नियम होते. ह्या मनाईला 'कापू' म्हणत. बायका-पुरुषांनी एका पंगतीला बसायचे नाही. डुकराचे मांस, नारळ, काही जातींचे मासे आणि जवळजवळ सगळी केळी बाईला वर्ज्य. नियम मोडला तर शिक्षा मरणाची. गंमत अशी की रांधायचे काम पुरुषांकडे होते. बायकांचा इमू वेगळा, पुरुषांचा वेगळा, दोन्ही पुरुषच पेटवायचे. वाचताना माझ्या मनात आले, स्वयंपाकाची अदलाबदल झाली तरी ताटाचा मालक बदलत नाही.

डझनांनी नावे असलेल्या केळ्यांपैकी बाईला मुभा होती ती दोन-तीन जातींची. त्यांतली एक पोपोउलू आणि एक ही आपली इहोलेना. म्हणजे जिला आज 'पारंपरिक वारसा' म्हणून चौकटीत बसवतात, ती बाईच्या वाटणीला आली कारण बाकीचे सगळे पुरुषांनी आणि देवांनी आपल्याकडे ठेवले होते. इहोलेना इतकी टिकून राहिली त्याचे एक कारण मला हेच दिसते. घरातल्या अर्ध्या माणसांना जे एवढेच केळे खाता येते, त्याचा मुनवा कोणते घर मरू देईल?

ही बंदी कोणी मोडली? पाद्री आले आणि त्यांनी सुधारणा केली, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. मे १८१९ मध्ये कामेहामेहा राजा वारला. त्याची राणी काअहुमानू आणि गादीवर आलेल्या लिहोलिहोची आई केओपुओलानी, ह्या दोघींनी ठरवले की हे पुरे झाले. त्याच वर्षी कैलुआ-कोना इथे मेजवानी झाली. सगळ्यांच्या देखत तरुण राजा बायकांच्या पंगतीत जाऊन बसला आणि जेवला. आकाश कोसळले नाही. जेवणातली मनाई संपली, पाठोपाठ देवळेही मोडली. अमेरिकी मिशनरी जहाजातून उतरले ते १८२० साली, म्हणजे काम उरकल्यावर. बाईने स्वतःच्या ताटासाठी राज्याचा धर्म मोडल्याची दुसरी गोष्ट मला तरी माहीत नाही. आपल्याकडे तर बाईला उरलेसुरले खायला लावायला राजाची आज्ञासुद्धा लागत नाही. ती आपणहून शेवटी बसते आणि आपण तिला बसू देतो.

आरोपाच्या दृष्टीने ह्यातून एक गोष्ट निघते, तेवढी ध्यानात ठेवा. १८१९ नंतर बाईला सगळी केळी मोकळी झाली. सक्ती उठल्याबरोबर इहोलेना टाकून द्यायला हरकत नव्हती. लोकांनी ती टाकली नाही. जी सक्तीने वाट्याला आली होती ती आवडीने ठेवली. मग ती गेली केव्हा आणि कशाने?

केळीच्या खालची जमीन

१८४८ साली हवाईच्या राज्यात जमिनीची वाटणी झाली. तिला 'महेले' म्हणतात. त्याआधी जमीन कोणाच्या नावाची नव्हती. राजा, त्याखाली सरदार, आणि कसणारा रयत, प्रत्येकाचा तिच्यावर हक्क होता. फार सुखाची व्यवस्था होती असे मी म्हणणार नाही, सरदाराची वेठ रयतेच्या मानेवर होतीच. पण कसणाऱ्याला अळूचा वाफा, ओढ्याचे पाणी आणि डोंगरातले रान तिन्ही मिळत होते. वाटणीत राजा, सरकार आणि सरदार ह्यांनी चाळीस लाख एकर आपसांत वाटून घेतले. रयतेसाठी १८५० साली कायदा झाला. दावा दाखल करा, साक्षीदार आणा, मोजणी करून घ्या, मग जमीन नावावर होईल. तीही प्रत्यक्ष कसत असाल तेवढीच, आणि घरापुरती थोडी. सगळ्या बेटांवर मिळून रयतेच्या पदरात पडली तीस हजार एकरांच्या आत. शेकडा एकसुद्धा नाही. ज्याने तलाठ्याच्या दारात उभे राहून सातबाऱ्यावर नाव चढवून घेतले आहे त्याला ह्यापेक्षा जास्त सांगायला नको. त्याच १८५० साली परदेशी माणसांना जमीन विकत घेण्याची मोकळीक देणारा कायदाही झाला. दोन कायदे, एकच वर्ष. एकाने रयतेला चिमूटभर दिले, दुसऱ्याने उरलेल्याला गिऱ्हाईक आणले.

आता सांगा, ओढ्याच्या काठाने, डोंगराच्या घळीत आजाने लावलेल्या केळीच्या बेटांची नोंद कोणत्या दाव्यात होणार होती? ती 'कसलेली जमीन' दिसत नाही. मोजणीदाराच्या डोळ्याला ते रान दिसते.

ह्याच काळात परक्या जहाजांतून आलेले गोवर, देवी, फ्लू गावेच्या गावे खात होते. १८५३ च्या शिरगणतीत मूळ हवाईयन माणसे सत्तर हजारांच्या आसपास उरली होती. कॅप्टन कुक १७७८ साली आला तेव्हा ती लाखांनी होती. मुनवा हातातून हातात जातो असे वर म्हटले. इथे हातच राहिले नाहीत.

मग पाणी. १८७६ साली अमेरिकेशी करार झाला आणि हवाईची साखर तिथे बिनजकातीची जाऊ लागली. साखरेला भाव आला म्हणजे उसाला पाणी लागणार. माउई बेटाच्या पूर्वेकडे पाऊस पडतो, ओढे वाहतात, काठाने अळूचे वाफे आणि बांधांवर केळी. बेटाचा मधला सपाट भाग कोरडा, आणि मळेवाल्यांना ऊस लावायचा होता तिथे. त्यांनी कालवा खणला आणि ओढ्यांचे पाणी उचलून कोरड्या रानात नेले. १८७८ पर्यंत तो पुरा झाला, पुढे आणखी कालवे झाले. वाफे सुकले. वाफा सुकला की बांधाला कोण विचारतो? १८९३ साली राणी लिलिउओकलानीला गादीवरून काढले, त्यात पुढाकार गोऱ्या व्यापाऱ्यांचा आणि मळेवाल्यांच्या गोटाचा. १८९८ साली अमेरिकेने बेटे ताब्यात घेतली.

ह्या सगळ्यात 'जास्त उत्पन्नाचा हव्यास' धरणारा शेतकरी कुठे दिसतो का? हव्यास होता, भरपूर होता. तो धरणाऱ्याचे नाव मात्र आपले विद्वान घेत नाहीत, कारण तो नांगर धरणारा नव्हता.

बाजारातल्या केळीबद्दलही थोडे. १८५५ च्या सुमारास हवाईत बुटकी 'चिनी' केळी आली. ती म्हणजे बुटकी कॅव्हेंडिश, आपल्या जळगावची बसराई तीच. घड मोठा, झाड ठेंगणे, वाऱ्याने कमी पडते. पुढे तिच्याच घराण्यातली ग्रँड नैन जळगावात टिश्यूकल्चरवर आली, आणि जगाच्या बाजारात निर्यातीचे केळे म्हणजे हेच घराणे. ही केळी लावणाऱ्याला मी दोष देणार नाही. ज्याला रोख पैसा लागतो तो बाजार घेईल तेच लावणार. इहोलेनाची साल लवकर पिवळी पडते. घरच्या परसात त्याने काही बिघडत नाही, पण आडतीत पिवळे दिसले की पिकले समजून भाव पाडतात. वाणात खोट नाही आणि शेतकऱ्यातही नाही. बाजाराला गर दिसत नाही, साल दिसते. आणि एवढे करून आज हवाई आपल्या अन्नातले शेकडा ऐंशीच्या वर बाहेरून, जहाजाने आणते. ज्या उसासाठी पाणी नेले तो माउईवर २०१६ साली संपला, शेवटचा कारखाना बंद पडला.

आणि मावा

आता राहिलेल्या झाडांवरचे संकट. कपाशीवरचा मावा तुम्ही जाणता. केळीचा मावा वेगळ्या जातीचा, काळपट, सोपटाच्या आत दडून बसणारा. तो एका झाडाचा रस शोषून दुसऱ्यावर जाताना पर्णगुच्छ रोगाचा विषाणू नेतो. पाने अरुंद, ताठ, शेंड्याला झुबका होऊन राहतात आणि घड पडत नाही. औषध नाही. झाड माव्यासकट मारून कंद उपटणे एवढाच उपाय. हवाईत हा रोग १९८९ साली ओआहू बेटावर सापडला, १९९५ साली कोनात, मग एकेक करून इतर बेटांवर. सरकारने केळीची रोपे एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेण्यावर बंधने घातली. ती घालणे भागच होते. पण त्याचा अर्थ काय झाला बघा. हजार वर्षे जी केळी मुनवा देऊन-घेऊन जगली, तिचे देणे-घेणेच संशयाचे झाले. बाजारू केळीच्या बागायतदाराला टिश्यूकल्चरची निरोगी रोपे विकत मिळतात, कारण एकाच वाणाची हजारांनी मागणी असते. परसात इहोलेनाची दोन झाडे असलेल्या म्हातारीने कोणत्या प्रयोगशाळेत मागणी नोंदवायची? तंत्र तेच आहे, बाटली तीच आहे. अडते ते कोणासाठी बाटली भरायची ह्यावर. विद्वानांचे खरे काम इथे आहे. त्यांनी पडद्यावरचे चित्र उतरवून जुन्या वाणांची निरोगी रोपे परवडेल अशा दरात दारात आणून दिली, तर मी स्वतः त्यांच्या सत्काराला येईन, चहाचे पैसेही माझे.

माउईच्या ओढ्यांची गोष्ट मात्र अजून चालू आहे. अळू लावणाऱ्या हवाईयन कुटुंबांनी २००१ साली पाणी आयोगाकडे अर्ज केले, सत्तावीस ओढ्यांसाठी. सतरा वर्षे सुनावण्या चालल्या. जून २०१८ मध्ये आयोगाने हुकूम दिला की अळूच्या शेतीचे दहा ओढे पुरते मोकळे सोडा. तोवर ऊस संपलेला होता. ज्यांनी अर्जावर सह्या केल्या त्यांतले काही हे बघायला उरले नसतील. पण वाफ्यांत पुन्हा पाणी उभे राहायचे म्हणजे बांध पुन्हा घालावे लागणार, आणि बांधावर काहीतरी लावावे लागणार. त्यांनी इहोलेना लावली तर आनंद आहे. इमू पेटवणारी घरे अजून आहेत, खोड लागतेच. त्यांनी जमाखर्च मांडून कॅव्हेंडिश लावली तरी माझी तक्रार नाही. बांध त्यांचा, पाणी त्यांचे, पुढच्या चर्चासत्रात त्यांना कोणी ह्याबद्दल जाब विचारू नये.